तिच्या नावाने खेळलेले खेळ

बायकोच्या मेंदूचे व्यायाम मी केले. जवळजवळ आठ महिने, तिच्या नावाने, तिच्या पासवर्डने, आमच्याच बैठकीत बसून. ही गोष्ट मी आजवर कुणाला पुरती सांगितलेली नाही. थोडी सांगितली, तीही स्वतःला सांभाळून. "तिला थकवा यायचा, म्हणून जराशी मदत केली," असं म्हणालो. आता वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या 'मदत' शब्दाचीच मला शिसारी येते. म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघंही प्राथमिक शिक्षक. घर सेनगावात, शाळा वेगवेगळ्या. माझी सातवीपर्यंतची, सडकेला लागून. तिची एका तांड्यावरची, दोनच शिक्षकांची, तिसरी-चौथी तिच्याकडे. सोळा वर्षं ती तिथेच राहिली. बदलीचा अर्ज भरायची वेळ आली की मी म्हणायचो, "जवळची शाळा माग की." ती म्हणायची, "आन् माझ्या पोरींचे पाढे कोण घेईल?" तिच्या वर्गातली लेकरं तिसाचा पाढा उलटा म्हणायची. तिला स्वतःला बाजारात पिशवी भरता भरता बेरीज करायची सवय होती. भाजीवाला हिशोब मांडायच्या आत ही उत्तर सांगून पुढे निघालेली असायची. डोक्याचा हा वेग एवढीच तिची मिजास होती. दागिन्यांची हौस तिला कधी नव्हती.

एका हिवाळ्यात तिला एका फळ्याचे दोन फळे दिसायला लागले. मग डावा पाय ओढल्यासारखा पडू लागला. हिंगोली झालं, नांदेड झालं, मेंदूचा फोटो निघाला आणि आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि नसांवरचं आवरण खायला लागते, असं डॉक्टरांनी समजावलं. तांड्यावरच्या बाया भेटायला आल्या तेव्हा तिनं त्यांना तिच्या पद्धतीनं सांगितलं. "मोटारीच्या वायरीचं रबर उंदरानं कुरतडलं की मोटार कशी मधीच चालू, मधीच बंद? तसं हाय माझं." बायांनी माना हलवल्या. तिच्याइतकं सोपं करून मला कधीच सांगता आलं नसतं.

पहिली किळस मला तिचीच आली. हे लिहून टाकलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल. या आजारात लघवी आवरत नाही. उठून दारापर्यंत जाईतो उशीर झालेला असायचा. चादरी मी धुवायचो, गाद्या मी उन्हात टाकायचो, आणि ते करताना श्वास रोखून धरायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, सर बायकोचं किती करतात. एकदा मी गादी उचलत होतो, ती भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, "नाक मोकळं सोडा. समजतं मला." मी नाक तसंच धरून गादी बाहेर नेली.

मग तिचे शब्द अडायला लागले. मीठ मागायचं तर "ते... पांढरं" म्हणायची. एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून माझ्याकडे बघत राहायची, उरलेलं माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखं. ती रजेवर होती. नांदेडच्या डॉक्टरांना तिनं पायाबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मला पुन्हा वर्गावर उभं राहता येईल का?"

डॉक्टरांनी आम्हाला त्याच दवाखान्यातल्या एका लहानशा खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण मॅडम होत्या. त्यांच्याकडे संगणकावरचा व्यायाम होता, मेंदूच्या सरावाचा. घरी बसून करायचा, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-पाऊण तास. तो त्यांना तिकडे दिसणार होता. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे औषध नाही, सराव आहे. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. पण लक्ष, वेग, आठवण, यात फरक पडू शकतो. अट एकच. खरं खेळायचं. चुकलं तर चुकू द्यायचं. तुम्ही कुठं चुकता त्यावरून हा प्रोग्राम ठरवतो, पुढं सोपं द्यायचं की अवघड." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही शेजारी बसा. हात लावू नका."

मी मान डोलावली. शिक्षकाला मान डोलवायची सवय असते. प्रत्येक प्रशिक्षणात आम्ही ती डोलावतो.

मुलगी पुण्याला नोकरीला आहे, तिचा जुना लॅपटॉप घरी होता. फेब्रुवारीत सुरुवात झाली. सहा खेळ होते. एकात चिन्हं आणि आकडे झटपट जुळवायचे. एकात चौकोन क्षणभर उजळायचे, ते त्याच क्रमानं दाबायचे. एकात बाजार होता: आधी सात-आठ वस्तूंची यादी दाखवायची, मग दुकानांतून फिरून त्या आठवणीनं उचलायच्या. खेळ संपला की एका बाईचा गोड आवाज यायचा, "बहुत बढ़िया." आणि एक कॅलेंडर होतं. सराव झाला त्या तारखेवर हिरवा ठिपका, चुकला त्या तारखेवर लाल.

ती परीक्षेला बसल्यासारखी बसायची. अंघोळ, वेणी, चष्मा पुसलेला, पाण्याचा तांब्या डाव्या हाताला. चुकलं की "थांबा" असं संगणकालाच म्हणायची. एका खेळाला तिला इतका वेळ लागायचा की मला बघवायचं नाही. बघवायचं नाही म्हणजे दया यायची असं नव्हे. राग यायचा. उत्तर समोर दिसत असायचं, तिचं बोट अधांतरी थांबलेलं असायचं. एके सकाळी मी तिचं बोट धरलं आणि दाबलं. बरोबर उत्तराची टिंग वाजली. तिनं बोट काढून घेतलं आणि साडीच्या पदराला पुसलं.

आता आमच्या शाळेतली एक रीत सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लेकरांच्या चाचण्या ऑनलाइन भरायच्या असतात. टॅब एक, लेकरं साठ, नेट गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही. संध्याकाळी पाचला उत्तरं भरायची ऑनलाइन खिडकी बंद होते. साडेचारला मुख्याध्यापक म्हणतात, "सर, टाका भरून." मग लेकरं कबड्डी खेळत असतात आणि आम्ही कार्यालयात बसून त्यांची उत्तरं देतो. ह्या कामात माझा हात कुणी धरत नाही. सगळी बरोबर भरली की वर शंका येते. मी हुशार पोराला दोन चुका देतो, मध्यमाला पाच. भागाकारात चुकवतो, कारण लेकरं भागाकारातच चुकतात. एक सहकारी हसून म्हणाला होता, "सरांच्या चुका एकदम ओरिजिनल असत्यात." मला ते आवडलं होतं. ह्यात कुणाचं काही जातं असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. एखादं लेकरू गुणाकारात मागे आहे हे कुठल्याच कागदावर येत नाही, मग त्याला गुणाकार शिकवायला कुणी येत नाही, आणि ते तसंच सातवी पास होऊन जातं. एवढंच काय ते जातं.

एप्रिल लागला. या आजाराला ऊन सोसत नाही. तिचे हातपाय गळून जायचे, दुपारी कूलरसमोर ती मेल्यासारखी पडून असायची. दुसऱ्या दिवशी मॅडमचा व्हिडिओ कॉल होता आणि त्या आठवड्याचे तीन ठिपके लाल होते. मॅडम विचारणार, हिला वाईट वाटणार. मी लॅपटॉप उघडला आणि त्या दिवसाचं भरून टाकलं. माझ्या मनात शब्दही तोच आला. सवयीनं दोन चुका बाजारात दिल्या, तीन चौकोनांत. हिरवा ठिपका आला.

कॉलवर मॅडम म्हणाल्या, "काल छान झालंय, ताई." ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मीच बोललो, "हो, काल बरी होती."

त्यानंतर दोन दिवसांआड, मग दिवसाआड. आणि इथं ते कारण येतं जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मजा यायला लागली. मुद्दाम चुका देणं मी महिन्याभरातच सोडून दिलं. शाळेतून एसटीनं येताना मी बाजाराच्या खेळाचा विचार करायचो: यादी कशी पाठ करायची, आधी भाज्या की आधी भांडी. नवी पायरी लागली की अंगावर काटा यायचा. "बहुत बढ़िया" हे मला कुणी म्हणून किती वर्षं झाली होती, आठवत नाही. एका आजारी बाईच्या मेंदूसाठी केलेल्या खेळात एक धडधाकट माणूस एकटाच पहिला येत होता आणि खूश होत होता. आत बिछान्यावर ती. बाहेर मी, माऊस हातात, जीभ दाताखाली. ते तोंड आता आरशात दिसलं तर थुंकावंसं वाटतं.

एक दिवस मी शाळेतून यायच्या आधी तिनं स्वतःच लॅपटॉप उघडला. मी सकाळी निघताना भरून गेलो होतो. मी आलो तेव्हा ती खुर्चीत बसून होती.

"हे आजचं कोणी केलं?"

"तूच की," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "मी निघायच्या आधी. इसरलीस का?"

"मी केलं?"

"व्हय."

"मला न्हाई आठवत."

"थकवा असतो तुला. व्हतं तसं."

ती बराच वेळ हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग "व्हय का" म्हणाली, फार हळू. शाळेत बाई म्हणतात म्हणजे तसंच असेल असं मानणारं लेकरू म्हणतं तसं. उठताना तिनं दाराची चौकट धरली आणि तशीच उभी राहिली, आपण कुठे निघालो होतो ते आठवत असल्यासारखी. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. न केलेल्या सरावाचा ठिपका दिसला की नुसती मान डोलवायची. आपण आणखी एक गोष्ट विसरलो, असं ती दर वेळी मानत गेली. मी मानू दिलं.

आणि ती स्वतः बसायची तेव्हा पायऱ्या माझ्या असायच्या. मी चढवून ठेवलेला वेग तिच्यापुढे यायचा. चौकोन उजळून विझायचे तोवर तिचा चष्माही नीट बसलेला नसायचा. सगळी उत्तरं चुकायची. "काल तर जमलं म्हने," ती पुटपुटायची. तिच्या चुकांनी आलेख खाली यायचा, मग तो वर न्यायला मी पुन्हा बसायचो. तिला वाटायचं, डोकं आता रोज उतरणीला लागलंय. मी तो उतार झाकत होतो आणि मीच तो करत होतो.

ऑगस्टमध्ये आजार उलटला. उजवा हात उचलेना. नांदेडला पाच दिवस सलाईनमधून औषध द्यावं लागलं. तिची बहीण तिच्याजवळ थांबली. मी मधल्या दोन दिवसांत कपडे आणायला आणि शाळेत सही करायला घरी आलो. लॅपटॉप घरीच होता. दोन्ही दिवशी मी तो उघडला आणि भरलं. काही विचार केला नाही. चहा ठेवावा तसं.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी आलेख बघितला. इतका मोठा झटका येऊनही आठवणीत घसरण नाही, हे फार चांगलं, म्हणाले. एरवी काही वेगळं करावं लागलं असतं, त्याची गरज दिसत नाही. दिवाळीनंतर शाळेत रुजू व्हायला हरकत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या एका वर्षात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. खोलीत डॉक्टर होते, मॅडम होत्या, ती होती. मी म्हणालो, "हिनं लई मेहनत घेतली, डॉक्टर."

जीपमध्ये तिनं विचारलं, "मी खरंच सुधरून राहिले का? मला आतून तसं वाटत न्हाई."

"आलेख बघितलास ना."

"बघितला." मग थोड्या वेळानं, "कागद बराबर असंल. मलाच समजत नसंल."

दिवाळीनंतर ती रुजू झाली. तांड्यावरची बरीच घरं तेव्हा ऊसतोडीला गेलेली असतात. वर्गात अकराच लेकरं उरली होती. पहिल्या आठवड्यात फळ्यावर गुणाकार करताना ती मध्येच थांबली. एक पोरगी बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, हातचा राहिला तुमचा." दुसरी म्हणाली, "तुमी बसा बाई, मी करते." घरी येऊन तिनं हे हसत सांगितलं. "आज पोरींनी मला शिकवलं." हसणं मध्येच थांबलं. मी पेपर वाचत राहिलो.

डिसेंबरातली एक दुपार. शाळेतले तिचे जोडीदार सर प्रशिक्षणाला गेलेले, शाळेवर ती एकटी. तिसरीतल्या एका मुलीला कणकण होती. तिनं स्वतः तिला वर्गातल्या कपाटामागे सतरंजीवर निजवलं, अंगावर आपली शाल टाकली. शाळा सुटली. लेकरं गेली. तिनं दाराला कुलूप लावलं आणि जीप धरून घरी आली.

मुलीचे आईबाप ऊसतोडीला, घरात एकटी आजी. तिला वाटलं, पोरगी खेळत असेल. तास-दीड तासानं शाळेकडून रडणं ऐकू आलं. पोरीनं खिडकीच्या गजांना तोंड लावलं होतं. तांड्यावरच्या माणसांनी कोयंडा काढला. मग एकानं आम्हाला फोन केला, आणि तो रागावला नाही. "बाई, काही फिकीर करू नका. पोरगी बरी हाय. तुमची शाल राहिली बगा इथं." शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

फोन ठेवून ती बैठकीत आली. दिवस नुकताच मावळला होता. तिनं दवाखान्याची फाइल काढली, लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला.

"कागद म्हनतो माझी आठवण सुधारली," ती म्हणाली. "मग मी निजवलेलं लेकरू मीच कसं इसरले?"

मी म्हणालो, "होऊन जातं कधी." ती ऐकत नव्हती. कॅलेंडर मागे मागे नेत होती. ऑगस्टवर थांबली. फाइलीतलं डिस्चार्ज कार्ड काढून पडद्याशेजारी धरलं. सोळा वर्षं हजेरीपट लिहिलेली बाई ती. सुट्टीच्या दिवशी भरलेली हजेरी कशी सापडते हे तिला मी सांगायला नको होतं.

"या दोन दिवशी माझ्या हाताला सुई व्हती," ती म्हणाली.

मी फाइल मिटायला हात पुढे केला.

"तुमी भरून टाकलं."

"हो."

"किती?"

"एप्रिलपासून. बरेच."

मला वाटलं, आता ती शाळेचं बोलेल, त्या पोरीचं बोलेल. तिनं वेगळंच विचारलं. "मी केलं आन् इसरले असं तुमी सांगत व्हता. त्या वेळी मी केलंच नव्हतं?"

"न्हाई."

"म्हंजी मी इसरले नव्हते."

"न्हाई."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. सुटका झाल्यासारखा तो श्वास होता, आणि तेच मला सगळ्यात असह्य झालं. इतके महिने ती जे ओझं वाहत होती ते तिचं नव्हतंच. मग तिनं डोळे उघडले. "पोरीला मात्र इसरले," ती म्हणाली. "ते माझं." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या गादीकडे बघायचो. श्वास धरून.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिनंच मॅडमना कॉल लावला, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि शेजारी बसली. मला सांगावं लागलं. "मदत" म्हणालो तेव्हा ती मध्ये बोलली, "मदत न्हाई. सगळं सांगा." मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, यादी पाठवते. तुमचे दिवस कोणते, त्यावर खूण करून द्या."

मी पेन घेऊन बसलो. कोणत्या दिवशी तिला चक्कर आली, कोणत्या दिवशी ती पडली, यातलं मला एकही आठवेना. माझे दिवस मात्र चटकन सापडत गेले. त्यांचे गुण मला पाठ होते.

माझे दिवस वगळल्यावर तिचे उरले ते बहुतेक पहिल्या सात आठवड्यांतले. मॅडमनी त्यांचा वेगळा आलेख करून पाठवला. फार नाही, पण रेघ वर जात होती. अडखळत, एखाद्या आठवड्यात खाली येऊन, तरी वर. मी तिचं काम हातात घेतलं तिथे ती थांबली. "ही चढण ताईंची स्वतःची होती, सर," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता. पुढे म्हणाल्या, आता सगळं पुसून पहिल्या पायरीपासून. मधले महिने गेले ते गेले. ऑगस्टनंतर सराव बदलायला हवा होता, तो बदलता आला नाही. पुढे किती जमेल, त्यांना सांगता येणार नाही.

रजेचा अर्ज तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. अख्खी सकाळ लागली, दोन कागद वाया गेले. मी "दे, मी लिहितो" म्हणणार होतो, ते शब्द तोंडातच राहिले. अर्ज द्यायला आणि त्या पोरीला, तिच्या आजीला भेटायला ती बहिणीला घेऊन तांड्यावर गेली. मला चल म्हणाली नाही.

आता पासवर्ड तिनं बदलला आहे. रोज सकाळी ऊन चढायच्या आत बसते, पडदा भिंतीकडे करून. मला बाहेरून चुकलेल्या उत्तराचा आवाज ऐकू येतो, पुन्हा पुन्हा येतो. मी ओसरीवर चादरी पिळत असतो. मॅडम काय ते तिलाच सांगतात. वर्गावर पुन्हा उभी राहील की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही.

परवा ती दारात आली. म्हणाली, "त्या बाजारात तुमी कितव्या पायरीपर्यंत गेला व्हता?"

"एकविसाव्या."

"मी तिसरीवर हाय," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.